आधी बार, मग गिटार: चोपडा तालुक्यातलं एक लॅप स्टील प्रकरण

मागच्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी माझा मावसभाऊ चोपडा तालुक्यातल्या त्याच्या गावाहून जळगावला आमच्याकडे आला. चहा व्हायच्या आतच त्याने डावा हात टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाला, "दादा, मन्हा बोटं गयात, पन कान ते शेतस ना."

सहा वर्षांपूर्वी कडबाकुट्टीत त्याच्या तर्जनीचं आणि मधल्या बोटाचं टोकाचं पेर गेलं. त्याआधी तो गावच्या भजनी मंडळात पेटीच्या जोडीला गिटार वाजवायचा. अपघातानंतर गिटार माळ्यावर गेली आणि त्याने तिचा विषयही काढला नाही. आता मोबाइलवर त्याला कुणीतरी गिटार मांडीवर आडवी ठेवून पोलादी दांडीने वाजवताना दिसलं होतं. हीच लॅप स्टील. तार बोटाने दाबायचीच नाही, हे बघून तो दोन दिवस झोपला नव्हता. त्याचे प्रश्न दोनच होते: हे या हाताला जमेल का, आणि वीस हजारांत सगळं बसेल का.

मी आयटीआयमध्ये फिटरचा ट्रेड शिकवतो. हवाईयन गिटार, म्हणजे याच रीतीने वाजणारं वाद्य, मी शाळकरी वयात भुसावळच्या रेल्वे कॉलनीत शेजारच्या काकांकडे शिकलो आणि अजून वाजवतो. म्हणून हे काम माझ्याकडे आलं. पुढच्या अकरा महिन्यांत आम्ही काय पाहिलं, काय मोजलं आणि काय परत पाठवलं ते सविस्तर लिहितो. आपल्याकडे जळगाव-धुळ्याच्या दुकानांत लॅप स्टील हाताळून बघायला मिळणं मुश्कील, आणि फोटोवरून किंवा किमतीवरून तिचं काहीच कळत नाही.

हात

लॅप स्टीलच्या तारा फळीपासून जवळपास एक सेंटिमीटर उंच असतात. पडदे (फ्रेट) नसतात, पडद्यांच्या जागी नुसत्या रेषा असतात. डाव्या हातातला बार, म्हणजे ती पोलादी दांडी, रेषेच्या बरोबर वर आला की स्वर लागतो. साध्या गिटारवर बोट पडद्याच्या थोडं मागे दाबतात. तीच जुनी सवय इथे आड येते, बार रेषेच्या मागे राहतो आणि प्रत्येक स्वर उतरतो.

बार धरायची रीत अशी: एका बाजूने अंगठा, दुसऱ्या बाजूने मधलं बोट, वर तर्जनी. अनामिका आणि करंगळी बारच्या मागे तारांवर हलकेच टेकलेली. ही दोन बोटं कामाची आहेत, कारण बार आणि नट (खुंट्यांकडची, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) यांच्यामधला तारेचा तुकडाही वाजत असतो आणि तो गप्प केला नाही तर सगळा आवाज खरकटा होतो.

माझ्या भावाची अनामिका आणि करंगळी शाबूत आहेत. गेली आहेत ती नेमकी बार धरणारी बोटं. मी त्याला माझा गुळगुळीत गोल बार दिला. तो दहा मिनिटांत तीनदा निसटला. मग दोन्ही अंगांना खोबण असलेला जुना बार कपाटातून काढून दिला. अंगठा आणि मधल्या बोटाचं थोटूक त्या खोबणीत बसलं, तर्जनीच्या उरलेल्या दोन पेरांनी वरून दाब दिला, आणि बार हलला नाही. त्याने तो आमच्या टेबलाच्या कडेवर पुढेमागे फिरवून पाहिला. बराच वेळ काही बोलला नाही.

गिटार घ्यायला निघालेला माणूस लाकूड, पिकअप (तारेचा कंप विजेत पकडणारी चुंबकी कॉइल) आणि रंग विचारतो, बार खोक्यात फुकट येतो म्हणून त्याकडे बघत नाही. इथे उलट झालं. बार आधी ठरला आणि त्याच्या मागून बाकीचं सगळं.

जुन्या गिटारवर चाळीस दिवस

लगेच काही विकत घेऊ नकोस, असं मी त्याला सांगितलं. माळ्यावरची गिटार खाली काढायला लावली. ती तशी बिघडलेली होती: मान थोडी वाकलेली, तारा पडद्यांपासून इतक्या वर की बोटाने दाबणं अवघड. साध्या गिटारसाठी हा मोठा दोष आहे, मांडीवर वाजवायला तो चालतो.

अशी गिटार रूपांतरित करायला वाढीव नट मिळतो, मूळ नटावर टोपीसारखा बसतो आणि तारा उचलून धरतो. आम्हाला तो साडेतीनशे रुपयांना पडला. पण एवढ्यावर भागत नाही. साध्या गिटारच्या ब्रिजवरची (गिटारच्या अंगाकडच्या तारांच्या आधारावरची) सॅडल, म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती हाडाची पट्टी, किंचित कमानदार असते. मधल्या तारा कडेच्या तारांपेक्षा जवळपास एक मिलिमीटर वर. बोटांना ही कमान सोयीची असते. सरळ बारला ती चालत नाही; मधल्या चार तारांवर बार टेकतो, पहिली आणि सहावी खडखडते, आणि नवशिक्या बिचारा आणखी जोराने दाबत बसतो. मी नवी सॅडल काचेवर पॉलिश पेपर ठेवून सपाट घासली. वीस मिनिटांचं काम. रूपांतरित गिटारवर नीट वाजत नाही म्हणून शिकणं सोडून दिलेले दोघे मला माहीत आहेत, आणि दोघांच्याही गिटारचं खरं दुखणं ही कमान होती. आजही मला त्याचं वाईट वाटतं.

तारा जुळवताना एक खबरदारी घेतली. शिकवणीच्या चित्रफितींत बहुतेक वेळा खालून वर जी-बी-डी-जी-बी-डी अशी जुळणी सांगतात. साध्या तारांच्या संचावर ती लावायची तर सहावी तार तीन अर्धस्वर आणि पाचवी दोन अर्धस्वर वर चढवावी लागते. तार तुटते, नाहीतर जुन्या गिटारचा ब्रिज उचकटतो. त्यापेक्षा डी-जी-डी-जी-बी-डी ही जुळणी बरी. तिच्यात सहावी, पाचवी आणि पहिली प्रत्येकी एक स्वर खाली उतरतात, बाकी तीन आहेत तशा राहतात. गिटारवरचा ताण वाढण्याऐवजी कमी होतो.

चाळीस दिवस तो रोज रात्री, पाण्याची पाळी नसेल तेव्हा, तासभर बसायचा. रविवारी मला फोनवर ऐकवायचा. पहिल्या आठवड्यात सगळे स्वर उतरलेले. एक दिवस मी चोपड्याला गेलो तेव्हा कारण दिसलं. तो खाटेवर बसून गिटारकडे तिरपं बघत होता. तारा रेषांपासून एक सेंटिमीटर वर, आणि नजर वीस अंश कलती. एवढ्यानेच बार तीन-साडेतीन मिलिमीटर चुकतो. त्याला सरळ पाठीच्या खुर्चीवर बसवलं आणि नाक बारच्या वर आणायला सांगितलं. त्याच बैठकीत पाचवी आणि सातवी रेष सुरात आली.

चाळीस दिवसांनी जे कळायचं ते कळलं होतं. हात चालतो. माणूस कंटाळणारा नाही. आणि या गिटारची सीमाही कळली: नटाशी दोन तारांमध्ये जेमतेम सात मिलिमीटर जागा, त्यामुळे एकेका तारेवर वाजवताना बारचं टोक शेजारच्या तारेला लागतं, बाराव्या पडद्यापुढे तारा खाली येतात आणि बार पडद्यांवर आपटतो, आणि मंडळात टाळ-ढोलकी सुरू झाली की ही गिटार ऐकूच येत नाही. सगळा खर्च सातशे रुपये. लॅप स्टीलचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने आधी हा सातशेचा प्रयोग करावा, असं माझं ठाम मत आहे.

तीन वाटा

पुढे तीन पर्याय होते.

पहिला, कोलकात्याची हवाईयन गिटार. पोकळ अंगाची, मुळातच उंच तारांची. या वाद्याचा भारतातला इतिहास कोलकात्याभोवतीच फिरतो. हवाईच्या जोसेफ केकुकूने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तारांवर पोलाद फिरवायची रीत रुजवली. टाऊ मो हे वादक १९२९ मध्ये भारतात आले आणि १९४० च्या दशकात कोलकात्यात राहिले. तिथून हे वाद्य बंगाली घरांत शिरलं. सुनील गांगुली, काझी अनिरुद्ध यांच्यासारख्या वादकांनी गाण्यांच्या चाली त्यावर वाजवल्या. आमच्या वडिलांच्या पिढीने रेडिओवर जी 'गिटार' ऐकली ती बरीचशी हीच. ब्रिजभूषण काब्रांनी ती रागसंगीतात आणली आणि विश्वमोहन भट्टांच्या, अशीच मांडीवर वाजणाऱ्या मोहनवीणेला १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं. त्यामुळे आपल्याकडे लॅप स्टील म्हणजे काहीतरी परकं, असं समजायचं कारण नाही. घरी एकट्याने वाजवायचं असेल, अॅम्प्लिफायर नको असेल, तर मी आजही कोलकात्याची पोकळ गिटारच सुचवेन. भावाच्या बाबतीत दोन गोष्टी आड आल्या. एक म्हणजे मंडळाचा आवाज. दुसरी म्हणजे त्याच्या घराचे पत्रे. चोपड्याच्या बाजूला मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो, पत्र्याखाली त्याहून जास्त, आणि मग आषाढात सगळं दमट. सरसाने चिकटवलेलं पातळ लाकूड अशा घरात किती टिकतं ते मी इतरांच्या गिटारवर पाहिलं आहे.

दुसरा पर्याय भुसावळला सापडला. रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांच्या घरी त्यांच्या थोरल्या भावाची जुनी इलेक्ट्रिक हवाईयन गिटार होती. अखंड लाकडाची, चार हजारांत द्यायला तयार. तिसरा पर्याय म्हणजे बाहेर बनलेली नवी सहा तारांची लॅप स्टील, साडेबारा हजार, पिशवीसकट, दहा दिवसांत परत करायच्या बोलीवर.

टेबलावर

माझा नियम साधा आहे. स्वस्त वाद्यात कुठेतरी हात आखडलेला असतोच. तो जिथे कानस, डाग किंवा शंभर-दोनशे रुपयांनी सुधारता येतो तिथे असेल तर वाद्य घ्यावं. जिथे सुधारता येत नाही तिथे असेल तर कितीही स्वस्त असो, घेऊ नये. म्हणून मी आधी न सुधारणाऱ्या गोष्टी मोजतो. नॉब, रंग, पिकअपचा आवाज, हे शेवटी.

त्यासाठी माझ्याकडे स्टीलची मोजपट्टी, व्हर्नियर, फीलर गेज आणि मल्टिमीटर होतं. घरी मोजपट्टी आणि वहीचा कागद असला तरी नव्वद टक्के काम होतं.

भुसावळची गिटार फार मनात भरली. लाकूड जुनं, वजनदार, मान सुतासारखी सरळ. पण नटापासून बारावी रेष ३०४.५ मिलिमीटरवर आणि ब्रिज ६१३ वर. बारावी रेष म्हणजे तारेचा बरोबर मध्य. तिथे बार धरला की वरचा सा मिळाला पाहिजे. ३०४.५ ची दुप्पट ६०९, म्हणजे ब्रिज चार मिलिमीटर मागे सरकलेला. भिंग लावून पाहिलं तर ब्रिजच्या पुढे जुन्या स्क्रूंची बुजवलेली भोकं दिसली. कधीतरी कुणीतरी दुरुस्ती करताना तो सरकवला होता. हा दोष सुधारता येतो. जुनी भोकं उघडायची आणि ब्रिज जागेवर आणायचा.

अडलं ते पिकअपपाशी. मल्टिमीटरवर चांगल्या एकेरी कॉइलचं पिकअप पाच ते आठ किलोओहमच्या आसपास दाखवतं. इथे काहीच आलं नाही. आतली तार तुटलेली. खान्देशात मोटार रिवाइंडिंगची दुकानं गल्लोगल्ली आहेत, विहिरीच्या पंपांमुळे. एका ओळखीच्या कारागिराला दाखवलं. त्याने झाकण उघडून तार बोटावर घेतली आणि परत ठेवली. पिकअपची तार ०.०६ मिलिमीटरची, केसासारखी, आणि तिचे हजारो वेढे. त्याचं यंत्र पंपाच्या जाड तारेचं. मुंबईला पाठवून नवं पिकअप बसवायचं तर मापाचं मिळेल याची खात्री नव्हती, आणि खर्च गिटारपेक्षा वर गेला असता. मी त्या गृहस्थांना तसं सांगितलं आणि गिटार पुसून परत दिली. ब्रिज मात्र जागेवर आणून दिला. कुणाला पिकअपचं काम जमणार असेल तर ती गिटार घेण्यासारखी आहे.

मग नवी मागवली. साडेबावीस इंची, म्हणजे नट ते ब्रिज ५७१.५ मिलिमीटर. ही लांबी लॅप स्टीलमध्ये नेहमीची. त्यावर पाचवी रेष १४३.४, सातवी १९०.१ आणि बारावी २८५.७५ मिलिमीटरवर हवी. रेषा बरोबर होत्या. पण ब्रिज वाकडा बसवलेला: पहिल्या तारेची लांबी ५७१, सहावीची ५७५. साध्या गिटारवर ब्रिज मुद्दाम थोडा तिरपा असतो. इथे बार सरळ, म्हणून सगळ्या तारांची लांबी सारखीच हवी. शिवाय ब्रिज तीन मिलिमीटर एका बाजूला गेल्यामुळे पहिली तार फळीच्या कडेवर आलेली. बाराव्या रेषेवर सगळ्या तारा बारने एकत्र धरल्या की आवाज फाटायचा. बाराव्या रेषेजवळ दोन रेषांमध्ये १६ मिलिमीटर अंतर असतं. तिथे दोन मिलिमीटरची चूक म्हणजे अर्धस्वराचा आठवा भाग, आणि कोणताही कान तो पकडतो.

भाऊ म्हणाला, "दादा, तू फिटर शे, स्क्रू काढीसन सरळ करी दे ना." मी ब्रिज उचलून त्याला खालची जागा दाखवली. तिथे पिकअपसाठी पोकळी कोरलेली होती. ब्रिज सरळ केला तर दोन स्क्रूंना धरायला लाकूडच नाही. म्हणजे हा दोष न सुधारणाऱ्यांतला. गिटार चौथ्या दिवशी परत गेली. कुरकुर न करता बदलून मिळाली, हे नमूद करायला हवं.

दुसरा नग त्याच बनावटीचा, त्याच किमतीचा, आणि तरीही वेगळा. लांबी ५७१.५ आणि ५७२. बारावी रेष २८६. तारा फळीच्या मधोमध. न सुधारणाऱ्या सगळ्या गोष्टींत तो पास झाला. एकाच मॉडेलच्या दोन नगांत इतका फरक असू शकतो, हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. दुसऱ्या कुणाच्या नगाचं कौतुक ऐकून घेतलेला आपला नग तपासायचा राहू नये.

सुधारण्यासारखे दोष त्यात भरपूर होते. मोजपट्टीची कड तारांवर आडवी टेकवली तर पाचवी आणि सहावी तार बाकीच्यांपेक्षा ०.४ मिलिमीटर वर आलेली दिसली. जाड तारेची नटावरची खाच जास्त खोल हवी, म्हणजे सगळ्या तारांचे माथे एका पातळीत येतात. कारखान्यात सगळ्या खाचा एकाच खोलीच्या पाडल्या होत्या. बारीक कानशीने दोन खाचा खाली नेल्या, अर्धा तास लागला. आउटपुटचा जॅक सैल होता, आतला नट आवळला. व्हॉल्यूमचा नॉब खरखरायचा, त्यात कॉन्टॅक्ट क्लीनर मारला. पिकअप ७.२ किलोओहम. खुंट्या थोड्या ढिल्या, पण तार नेहमी खालून वर चढवत जुळवली की टिकायची.

तारा सगळ्यात आधी काढून टाकल्या. गिटारबरोबर आलेल्या तारा साध्या इलेक्ट्रिकच्या, बारीक होत्या. साडेपंचवीस इंची गिटारवरची तीच तार, तोच स्वर, साडेबावीस इंचांवर लावला तर ताण सुमारे बावीस टक्क्यांनी उतरतो. शिवाय डी-ए-डी-एफ शार्प-ए-डी अशा उतरत्या जुळणीत सहावी तार बारच्या वजनाने लोंबकळायची आणि स्वर हलायचा. तेराच्या संचाने, म्हणजे ०.०१३ ते ०.०५६ इंचाने, तो ताण परत आला. एक काळजी घ्यावी लागते: गावातल्या दुकानांत जाड तारांचे संच बहुधा ब्रॉन्झचे असतात, पोकळ गिटारसाठीचे. चुंबकी पिकअपला ब्रॉन्झचं वेष्टण नीट ऐकू येत नाही. निकेलच्याच तारा घ्याव्यात.

बार

गिटारबरोबर आलेला बार पोकळ नळीचा होता, हलका. हलका बार तारेवर नाचतो. मग माणूस दाबतो, आणि दाबलं की सूर चढतो. बारचं वजनच तारेला शांत ठेवतं.

माझा खोबणीवाला जुना बार त्याला लहान पडत होता, थोटकाला आणखी खोल खोबण हवी होती. मी जळगाव एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडे गेलो, माझाच जुना विद्यार्थी. ३०४ स्टेनलेसचा २२ मिलिमीटरचा रॉड, ८० मिलिमीटर कापला. एवढ्या तुकड्याचं वजन २४० ग्रॅमच्या आसपास भरतं. एक टोक बंदुकीच्या गोळीसारखं गोल, म्हणजे एकेका तारेवर टोकाने वाजवता येतं. मग मिलिंगवर दोन्ही अंगांना खोबण. डावीकडची अंगठ्यासाठी, उजवीकडची थोटकासाठी दीड मिलिमीटर जास्त खोल. भावाला समोर बसवून तीनदा हातात देऊन पाहिलं. शेवटी बफवर चकचकीत केला; बारवर टूलची एक जरी ओरखड राहिली तरी ती तारेवर सूं सूं ऐकू येते. तयार बार २१० ग्रॅमचा. चारशे रुपये.

त्या संध्याकाळी लेथच्या दुकानातच गिटार मांडीवर घेऊन त्याने सा ते प असा एक लांब मींड काढला. शेजारचा ड्रिलवाला यंत्र बंद करून ऐकत उभा राहिला. "दादा, हाऊ आवाज मन्हा शे," भाऊ म्हणाला.

मंडळात

अॅम्प्लिफायरचं त्याच्या हिशोबात नव्हतं. मंडळाचा साउंडचा अॅम्प्लिफायर आहे ना, त्यात लावू, असं त्याचं म्हणणं. लावून पाहिलं, आवाज दबलेला, पाण्याखालून आल्यासारखा. असं पिकअप उच्च रोधाच्या इनपुटची अपेक्षा करतं, माइकचं इनपुट तसं नसतं. ३,८०० रुपयांचा दहा वॉटचा गिटारचा अॅम्प घेतला आणि मंडळाचा एक माइक त्याच्या पुढ्यात ठेवला. मधे डीआय बॉक्स (पिकअपचा आवाज माइकच्या इनपुटला जुळवून देणारा डबा) घेणं हा दुसरा मार्ग, पण त्याने घरी सराव झाला नसता.

घरी गुणगुण इतकी की भाऊ घाबरला. एकेरी कॉइलला थोडी गुणगुण असतेच, पण ही जास्त होती. घराला अर्थिंगच नव्हतं. तीन पिनांच्या बोर्डातली वरची पिन रिकामी. वायरमनला बोलावून अर्थिंग करून घेतलं. गुणगुण पुष्कळ उतरली, आणि घरातल्या फ्रीजला हात लावल्यावर बसणारा मुंगीसारखा चटकाही गेला. वहिनी म्हणाल्या, गिटारमुळे एवढं तरी झालं.

खर्चाचा हिशोब असा झाला: जुन्या गिटारचं रूपांतर ७००, लॅप स्टील १२,५००, अॅम्प ३,८००, तारांचे दोन संच ९००, बार ४००, अंगठ्याची आणि बोटांची नखी ३००. एकूण १८,६००. अर्थिंग वेगळं, ते घरखर्चात.

जुळणीचा प्रश्न मात्र मला सगळ्यात रंजक वाटला. त्यांचं मंडळ पांढरी दोनला, म्हणजे डी हा सा धरून, गातं. त्यामुळे डी-ए-डी-एफ शार्प-ए-डी म्हणजे सरळ सा-प-सा-ग-प-सा. सहा तारा नुसत्या छेडल्या तरी सुरात. पण शुद्ध गंधाराची ती तिसरी तार भैरवीच्या भजनात काटा होते. सगळ्या तारांवरून हात फिरला की कोमल गंधाराच्या शेजारी शुद्ध गंधार बोलतो. त्याने स्वतःच एक दिवस तिसरी अर्धस्वर चढवून मध्यम केली: सा-प-सा-म-प-सा. मला फोन करून विचारलं, असं केलेलं चालतं का. हे त्याचं त्याला सुचलं याचा मला जितका आनंद झाला तितका गिटार पास झाल्याचाही झाला नव्हता.

उन्हाळ्याची परीक्षा मे महिन्यात झाली. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बनलेली रिकनबॅकरची लॅप स्टील, जिला तिच्या गोल अंगामुळे फ्राइंग पॅन म्हणत, ओतीव अॅल्युमिनियमची होती आणि दिव्यांच्या उष्णतेने तिची जुळणी हलायची. लाकडी अखंड फळीची तशी तक्रार कमी. तरी पत्र्याखाली दुपारी जुळवलेल्या तारा रात्री चढलेल्या मिळायच्या, कारण पोलाद गरमीत सैल पडतं आणि थंडाव्यात ताणतं. त्याने गिटार पिशवीत, पिशवी कोठीच्या मातीच्या भिंतीशी ठेवायला सुरुवात केली आणि भजनाच्या अर्धा तास आधी बाहेर काढायची सवय लावली. मान मी जूनमध्ये पुन्हा मोजली. सरळ होती. नट ते ब्रिज ५७२.

श्रावणात कानबाई देवीच्या रोटांच्या उत्सवाच्या रात्री त्याने पहिल्यांदा लोकांसमोर वाजवलं. मी होतो. बायका कानबाईची गाणी म्हणत होत्या आणि तो त्यांच्या मागोमाग जात होता. पेटी जिथे दोन पट्ट्यांमध्ये अडते त्या जागा बार सहज घेत होता, आणि आमच्या मावशीने गाताना मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. दोन-तीनदा बार रेषेच्या पुढे गेला. अंधारात काळ्या फळीवरच्या रेषा दिसत नव्हत्या.

गेल्या रविवारी मी पाचव्या, सातव्या, नवव्या आणि बाराव्या रेषेशी फळीच्या वरच्या कडेला पांढऱ्या ऑइलपेंटचे ठिपके दिले. सातव्या रेषेचा ठिपका मोजपट्टीने १९० वर. वाळायला ठेवून आलो आहे. नवरात्राच्या आधी तिसऱ्या तारेची खाच मध्यमाच्या ताणाला बसते का, तेवढं बघायचं राहिलं आहे.